फ्रँकफर्टचा रोमरबेर्ग : चौकाची हरवलेली पूर्व भिंत

फ्रँकफर्टच्या रोमरबेर्ग चौकात पश्चिमेला पायऱ्यापायऱ्यांच्या माथ्यांची नगरपालिका आहे. तिचं नाव रोमर. पूर्वेला लाकडी चौकटींची उंच, अरुंद घरं खांद्याला खांदा लावून उभी आहेत. पर्यटकांचे कॅमेरे बहुधा पूर्वेकडे वळतात, कारण 'जुनं जर्मनी' तिथे दिसतं. ही रांग बांधली गेली ती १९८१ ते १९८४ या काळात. रोमरच्या मूळ वास्तू मात्र नगर परिषदेने ११ मार्च १४०५ रोजी विकत घेतल्या आणि शहराचा कारभार आजही तिथूनच चालतो.

या प्रकरणात प्रश्न एकच आहे. २२ मार्च १९४४ च्या रात्री, दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यात, या चौकाची पूर्व बाजू जळून गेली. त्या जागेचं काय करायचं, याचं उत्तर शोधायला शहराला चाळीस वर्षं लागली आणि मधल्या काळात काही उत्तरं सपशेल चुकली. सापडलेलं उत्तर इतिहास म्हणून बरंच कच्चं आहे. चौक म्हणून मात्र ते बरोबर आहे. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या नाहीत तर रोमरबेर्गबद्दलचा प्रत्येक वाद गोल फिरत राहतो.

चौकाची मूळ रचना

जमीन दक्षिणेला माइन नदीकडे उतरते. नदीवरून येणारा माल फारटोर या घाटाकडच्या दरवाजातून वर यायचा आणि थेट चौकात पोहोचायचा. सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकने १२४० मध्ये फ्रँकफर्टच्या जत्रेला येणाऱ्या व्यापाऱ्यांना संरक्षण दिलं. १३३० मध्ये वसंतातल्या दुसऱ्या जत्रेलाही परवानगी मिळाली. रोमर विकत घेतल्यावर परिषदेने तळमजल्यावर कमानींची मोठी दालनं बांधली आणि जत्रेच्या दिवसांत ती व्यापाऱ्यांना भाड्याने दिली. सोन्याचांदीचे कारागीर तिथे बसत. वर कारभार आणि खाली बाजार, अशी ही इमारत सुरुवातीपासून कमावती होती.

१३५६ च्या सुवर्ण फर्मानाने पवित्र रोमन साम्राज्याच्या राजाची निवड फ्रँकफर्टमध्ये होईल असं ठरवलं. राज्याभिषेक आधी आखेन शहरात होत. १५६२ पासून १७९२ पर्यंत दहा राज्याभिषेक फ्रँकफर्टच्या कॅथेड्रलमध्ये झाले. त्यातला पहिला दुसऱ्या मॅक्सिमिलियनचा आणि शेवटचा दुसऱ्या फ्रान्झचा. विधी कॅथेड्रलमध्ये, मेजवानी रोमरच्या वरच्या मजल्यावर आणि मधला रस्ता पायी, असा क्रम असे. चौकात तात्पुरत्या लाकडी स्वयंपाकघरात अख्खा बैल भाजला जाई, कारंज्यातून वाईन वाहे, ओट्सचा ढीग रचलेला असे आणि नाणी उधळली जात. बैलावरून खाटीक आणि वाईनची पिंपं हलवणारे हमाल यांच्यात मारामारी व्हायची. १७६४ चा सोहळा चौदा वर्षांच्या गोएटेने, पुढच्या महाकवीने, पाहिला आणि पुढे आत्मचरित्रात सविस्तर लिहून ठेवला. या चौकाच्या वापराबद्दल त्याहून चांगला साक्षीदार मिळणं कठीण.

पूर्व बाजूचं महत्त्व त्या मिरवणुकीच्या वाटेत आहे. कॅथेड्रल चौकाच्या पूर्वेला आहे, पण चौकातून त्याचा फक्त बुरूज दिसतो. मध्ये घरांची रांग आडवी आहे आणि तिच्या एका टोकाला मार्केट नावाची अरुंद गल्ली निघते. कॅथेड्रलकडून येणारा माणूस गल्लीतून चालत येतो आणि अचानक मोकळ्यावर पडतो. समोर रोमर, डावीकडे जुनं निकोलाय चर्च, मध्ये न्यायदेवतेचं कारंजं. पूर्वेची रांग काढून टाकली की गल्लीही जाते आणि अचानकपणाही जातो. मग कॅथेड्रल ते रोमर एक लांबलचक पटांगण उरतं. चौकाला भिंती लागतात. रोमरबेर्गच्या पश्चिम भिंतीची कीर्ती मोठी असली तरी जागेला आकार देण्याचं काम पूर्व भिंत करते.

ती रांग कशाची होती

फ्रँकफर्टच्या जुन्या घरांची पद्धत ठरलेली होती. तळमजला तांबड्या वालुकाश्माचा, कमानींचा. वर ओकच्या लाकडाची चौकट आणि चौकटींमधल्या चौकोनांत विटा किंवा काठ्यामातीचा भराव. त्याच्यावर उतरतं छप्पर आणि त्यावर काळ्या पाटीच्या दगडाच्या (स्लेटच्या) पातळ फरश्या. वरचा प्रत्येक मजला खालच्यापेक्षा थोडा पुढे सरकलेला असे. त्यामुळे अरुंद जागेत खोल्या मोठ्या मिळत, तळमजल्याचा दगड पावसापासून वाचे आणि रस्त्यावरचा उजेड मात्र कमी होई, म्हणून परिषदेने या पुढे येण्यावर मर्यादा घातली होती. जत्रेच्या दिवसांत घरमालक खोल्या भाड्याने देत आणि राज्याभिषेकाच्या दिवशी खिडक्या. चौकाकडचा दर्शनी भाग उत्पन्नाचा असल्यामुळे भूखंड अरुंद आणि खोल राहिले.

पुढच्या शतकांत यातली बरीच घरं गिलाव्याखाली किंवा पाटीच्या आच्छादनाखाली झाकली गेली. आगीची भीती हे त्याचं एक कारण. दगडी घरासारखं दिसण्याची हौस हे दुसरं. ही बाब पुढे फार महागात पडली. विसाव्या शतकातल्या छायाचित्रांमध्ये या घरांचं बाह्यरूप नीट दिसतं, पण आतली लाकडी चौकट कशी होती ते बहुतेक ठिकाणी दिसतच नाही.

आग, आणि आगीनंतरची साफसफाई

जुन्या फ्रँकफर्टमध्ये साधारण १,२५० लाकडी चौकटींची घरं होती. युद्धापूर्वीच जुन्या शहराच्या जतनासाठी झटणाऱ्या मंडळींनी शेजारच्या घरांची तळघरं एकमेकांना भिंती फोडून जोडून घ्यायचं काम लावून धरलं होतं. २२ मार्चच्या रात्री आगीने गल्ल्या बंद झाल्या तेव्हा शेकडो माणसं या भुयारी वाटेने सरकत रोमरबेर्गवरच्या कारंज्याजवळच्या तोंडातून बाहेर पडली आणि फारटोरमधून नदीकडे गेली. ती वाट उघडी ठेवण्यासाठी अग्निशामकांनी पाण्याचा पडदा धरला. त्याचाच परिणाम म्हणून वाटेवरचं हाउस वेर्टहाइम हे साधारण १६०० सालचं घर वाचलं. जुन्या शहराच्या गाभ्यातलं धड उभं राहिलेलं हे एकमेव लाकडी चौकटीचं घर. निकोलाय चर्चलाही तुलनेने कमी इजा झाली. त्या रात्री शहरात सुमारे हजार माणसं मेली.

यानंतर जे घडलं ते सहसा सांगितलं जात नाही. लाकूड जळतं, पण दगडी तळमजला उभा राहतो. अनेक घरांच्या कमानी, कोरीव दगड, तळघरं शिल्लक होती. शहराने ढिगारे ताब्यात घेतले आणि त्यांचा चुरा करून नव्या बांधकामाचं साहित्य बनवण्यासाठी १९४५ मध्ये कंपनी काढली. बेघरांच्या शहरात हा निर्णय समजण्यासारखा होता. पण दर्शनी दगड नोंद करून, क्रमांक घालून बाजूला ठेवण्याचं काम अपवादानेच झालं. पुनर्बांधणी करायची ठरली तेव्हा पूर्व रांगेच्या वाट्याला पुराव्यापेक्षा रिकामी जागाच जास्त आली.

पश्चिम बाजू वेगळ्या वाटेने गेली. रोमरच्या जाड भिंती टिकून होत्या, त्यामुळे तो १९५५ पर्यंत पुन्हा उभा राहिला. शेजारचं साल्झहाउस मात्र १९५१-५२ मध्ये त्या काळच्या साध्या पद्धतीने बांधलं गेलं. त्याच्याकडे शेवटी यावं लागेल.

रिकामी जागा आणि चुकीच्या मापाची इमारत

पूर्वेची जागा दशकानुदशकं मोकळी राहिली. कधी मोटारी उभ्या राहत, कधी उत्खनन चाले. १९५३ मध्ये कॅरोलिंगियन काळातल्या, म्हणजे शार्लमेनच्या घराण्याच्या काळातल्या, राजवाड्याचे आणि रोमन काळाचे पाये सापडले. मग भुयारी रेल्वे आणि भूमिगत वाहनतळ आले. जुनी तळघरं होती त्या खोलीवर आता काँक्रीटचा डबा बसला. या डब्यामुळे पुढच्या प्रत्येक बांधकामाचा पाया ठरून गेला. जुन्या जागी घर बांधायचं म्हणजे पाया जमिनीत घ्यायचा नाही, वाहनतळाच्या छतावर घ्यायचा. भार कुठे उतरेल हे खालच्या खांबांनी ठरवायचं.

१९७२ ते १९७४ मध्ये कॅथेड्रल आणि चौक यांच्यामध्ये टेक्निशेस राटहाउस उभं राहिलं. शहराच्या तांत्रिक खात्यांची ती तीन मनोऱ्यांची काँक्रीट इमारत होती. चौकाच्या दक्षिणेला उघड्या काँक्रीटचं ऐतिहासिक संग्रहालयही १९७२ चं. या इमारतींना 'कुरूप' म्हणून निकालात काढणं सोपं आहे, पण त्याने काही कळत नाही. त्यांची अडचण मापाची होती. जिथे पूर्वी दर थोड्या पावलांवर नवा दरवाजा, नवा माथा आणि नवा मालक होता, तिथे एकच संस्था, एकच दर्शनी भाग आणि मोजकी प्रवेशद्वारं आली. कार्यालय पाच वाजता बंद झालं की तो सगळा पट्टा बंद. आणि एवढं बांधूनही चौकाला पूर्व भिंत मिळाली नाहीच, कारण इमारत मागे होती आणि चौकाच्या कडेला खड्डाच राहिला.

१९८१-८४ : भिंत परत येते

वाल्टर वालमान महापौर असताना, १९७० च्या दशकाच्या अखेरीस शहराने निर्णय घेतला. पूर्व रांग जुन्या रूपात बांधायची आणि तिच्या मागे नवं कलादालन करायचं. ते दालन म्हणजे १९८६ मध्ये उघडलेलं शिर्न. थोरला एंगल आणि लाउबेनबेर्ग यांसारख्या जुन्या घरांची नावं कायम ठेवली. निकोलाय चर्चजवळचं श्वार्झर श्टेर्न हे घरही याच काळात परत उभं राहिलं.

पहिली अडचण पुराव्याची होती. बांधकामाचे नकाशे जवळजवळ नव्हतेच. हाताशी होती छायाचित्रं, एकोणिसाव्या शतकात कार्ल थिओडोर राइफनश्टाइनने काढलेली चित्रं आणि ट्रॉयनर बंधूंनी १९२० च्या दशकापासून बनवलेलं जुन्या शहराचं १:२०० मापाचं मॉडेल. त्यातून उंची, रुंदी, माथ्याचा कोन आणि खिडक्यांच्या जागा मिळतात. गिलाव्याखालच्या तिरप्या टेकूंची मांडणी मिळत नाही. ती शेजारच्या घरांवरून आणि त्या प्रदेशातल्या समकालीन घरांवरून अंदाजाने ठरवली गेली. १९३० मध्ये पाटीने झाकलेलं घर १९८४ मध्ये उघड्या लाकडाचं झालं. म्हणजे आजचं रूप युद्धाच्या आदल्या दिवसाचं नाही, आणि एखाद्या विशिष्ट वर्षाचंही नाही.

दुसरी अडचण लाकडाची आणि हातांची. लाकडी चौकटीचं घर बांधणारे सुतार युद्धानंतरच्या काँक्रीटच्या काळात जवळजवळ संपले होते आणि पुरेसं मुरलेलं ओक एवढ्या प्रमाणात वेळेवर मिळत नव्हतं. काही वर्षांतच दोष दिसू लागले आणि खर्चिक दुरुस्त्या कराव्या लागल्या. असं का होतं, हे तपशिलात पाहण्यासारखं आहे. लाकडी चौकटीच्या कुठल्याही नव्या घराला तोच धोका असतो.

ताज्या तोडलेल्या ओकमध्ये कोरड्या वजनाच्या साठ टक्क्यांहून जास्त पाणी असू शकतं. ते साधारण तीस टक्क्यांच्या खाली उतरायला लागलं की लाकूड आकसायला लागतं. बाहेरच्या हवेत ते पंधरा-अठरा टक्क्यांवर स्थिरावतं, तर हीटर लावलेल्या खोलीत दहाच्या आसपास. एकाच तुळईची बाहेरची बाजू एका मापाला आणि आतली दुसऱ्या मापाला थांबते. लांबीत लाकूड जवळजवळ आकसत नाही. जाडीत मात्र आकसतं. २० सेंटीमीटर जाडीची ओली तुळई सुकताना ५ ते १० मिलिमीटर बारीक होते.

आता मजल्यांचा हिशेब करा. प्रत्येक मजल्याच्या सांध्यावर खालच्या भिंतीची माथ्याची तुळई, तिच्यावर आडव्या जमिनीच्या तुळया आणि त्यांच्यावर वरच्या भिंतीची पायथ्याची तुळई अशी तीन आडवी लाकडं एकावर एक बसतात. प्रत्येकी २० सेंटीमीटर धरली तरी एका सांध्यात ६० सेंटीमीटर आडवं लाकूड झालं. ते १५ ते ३० मिलिमीटर खाली बसतं. तीन मजल्यांत ४५ ते ९० मिलिमीटर. सगळं घर लाकडाचं असेल तर ते एकसारखं बसतं आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. मागे काँक्रीटचा जिना किंवा लिफ्टचा गाळा असेल तर तो जागेवर राहतो आणि पुढचा भाग खाली जातो. जमीन कलते, दारं अडकतात, गिलावा तिरपा तडकतो.

मग मध्ययुगातले सुतार ओलंच लाकूड वापरत, त्यांचं कसं चाललं? ओकला ओलं असतानाच धार नीट लागते, म्हणून ते खरंच ओलं कापत. पण त्यांची सगळी बांधणी त्या आकसण्याचा हिशेब धरून असे. एका लाकडाचं टोक दुसऱ्याच्या खाचेत बसवून आरपार कोरड्या लाकडाची खुंटी मारली जाई आणि खुंटीची भोकं मुद्दाम किंचित सरकवलेली असत, म्हणजे ठोकताना सांधा आवळला जाई. चौकट सुकताना सांधा सैल पडला तरी खुंटी धरून ठेवायची. भराव मातीचा असल्याने तडा गेला की पुन्हा लिंपायचा. हे दरवर्षीचं काम होतं आणि कुणाला त्यात कमीपणा वाटत नसे. चुलीच्या खोलीपलीकडे घरात फारशी ऊब नव्हती, म्हणून लाकूड अति सुकतही नव्हतं.

१९८० च्या दशकातल्या घराकडून अपेक्षा उलट असतात. हिवाळाभर २० अंश तापमान, फटींतून वारा नको आणि भिंत एकदा रंगवली की पंधरा वर्षं बघायला लागू नये. अशा घरात लाकूड आणि भराव यांच्यामध्ये पडलेली दोन-तीन मिलिमीटरची फट हाच खरा शत्रू. वाऱ्याबरोबर येणारा पाऊस तिथून आत शिरतो. फट सिमेंटच्या मसाल्याने किंवा रबरी सीलंटने बुजवली तर पाण्याची बाहेर पडायची वाट बंद होते, आणि लाकूड नेमकं खाचेच्या तळाशी, नजरेआड कुजतं. योग्य उपाय कंटाळवाणे आहेत. खांबाच्या बाजूला तिकोनी पट्टी ठोकून भराव तिच्यात अडकवायचा, गिलावा चुन्याचा ठेवायचा आणि तो लाकडाच्या पातळीलाच संपवायचा. गिलावा उशीसारखा फुगून पुढे आला तर त्याच्या कडेवर पाणी थांबतं. रंग वाफ जाऊ देणारा हवा. ही बाजू पश्चिमेकडे तोंड करून आहे आणि तिकडचा पाऊस बहुतांशी पश्चिमेच्या वाऱ्यावर येतो, त्यामुळे इथे ढिलाई लगेच दिसते.

हे सगळं मान्य करूनही रांगेने काम केलं. गल्लीचं तोंड परत आलं, चौक बंद झाला, तळमजल्यावर दुकानं आणि खानावळी आल्या. मागे झालगासे रस्त्यावर त्याच सुमारास जुन्या अरुंद भूखंडांवर वेगवेगळ्या वास्तुकारांनी उघडपणे आधुनिक घरं बांधली. दोन्ही शेजारी पाहिली की लक्षात येतं, मापाचं भान सारखं असेल तर पेहराव कुठल्या काळाचा आहे याने जागेचं फारसं बिघडत नाही.

२०१८ : जास्त पुरावा, जास्त वेळ

टेक्निशेस राटहाउसचं आयुष्य जेमतेम पस्तीस वर्षं ठरलं. त्या जागेसाठी २००५ मध्ये झालेल्या वास्तुरचना स्पर्धेत पहिल्या आलेल्या आराखड्यात पुन्हा मोठे ठोकळे दिसल्यावर नागरिकांनी विरोध केला. २००७ मध्ये नगर परिषदेने जुने रस्ते, जुने भूखंड आणि काही घरांची हुबेहूब पुनर्बांधणी ठरवली. इमारत २०१० पासून पाडली गेली, २०१२ मध्ये पायाभरणी झाली आणि २०१८ मध्ये नवं 'जुनं शहर' खुलं झालं. एकूण ३५ घरं. त्यातली १५ पुनर्बांधलेली आणि २० नवी, पण छप्पर, रुंदी, साहित्य यांच्या नियमात बसवलेली. खर्च २० कोटी युरोच्या आसपास गेला.

पूर्व रांगेपासून घेतलेला धडा इथे उघड दिसतो. ज्या घरांचा पुरावा भक्कम तीच हुबेहूब बांधली, बाकीची जुनी असल्याचं भासवलं नाही. १६१९ च्या सुमारास निर्वासित व्यापारी अब्राहम फान हामेलने बांधलेल्या गोल्डने वागे या घराचे काही मूळ दगड युद्धानंतर इतरत्र गेले होते. ते परत मिळवून बसवले. रोटेस हाउस पुन्हा ओकच्या खांबांवर उभं राहिलं, खाली रस्ता मोकळा सोडून. टीकाही झाली. एवढ्या सार्वजनिक पैशातून मोजकी आणि महाग घरं का, आणि १९३३ ते १९४५ चा काळ दर्शनी भागावरून पुसून टाकायचा आहे का, असे प्रश्न विचारले गेले. दुसरा प्रश्न रोमरबेर्गवर विशेष बोचतो. १० मे १९३३ रोजी बैलगाडीतून पुस्तकं आणून इथेच जाळली गेली. त्या जागी फरसबंदीत २००१ मध्ये बसवलेली धातूची तबकडी आहे आणि गर्दीत ती पायाखालीच जाते.

आजचा चौक

वापराच्या बाबतीत रोमरबेर्ग अजूनही कमावता आहे. रोमरमध्ये विवाहनोंदणी होते, म्हणून शनिवारी पायऱ्यांवर तांदूळ आणि फुगे. १३९३ पासून नोंद असलेला नाताळबाजार इथेच भरतो. संघ जिंकला की फुटबॉलपटू रोमरच्या सज्जावर येतात. हा सज्जा १८९६ नंतरच्या नूतनीकरणातला आहे. राज्याभिषेकाच्या काळात तो नव्हता आणि सम्राट खिडकीतूनच दर्शन देत. न्यायदेवतेचा पुतळाही १८८७ चा, ब्राँझमधला. मूळ दगडी पुतळा झिजून गेल्यावर एका वाईन व्यापाऱ्याने दिलेला. तिच्या डोळ्यांवर पट्टी नाही आणि तोंड रोमरकडे आहे.

राहिलं साल्झहाउस. साधारण १६०० सालच्या या घराची दर्शनी बाजू दगडी तळमजल्याच्या वर माथ्यापर्यंत कोरीव लाकडाने मढलेली होती. युद्धात फळ्या काढून सुरक्षित ठेवल्यामुळे त्यातला बराच भाग वाचला. म्हणजे पूर्व रांगेकडे जो पुरावा कधीच नव्हता, तो इथे प्रत्यक्ष लाकडाच्या रूपात आहे. तरी १९५१-५२ मध्ये जुन्या दगडी तळमजल्यावर साधी भिंत उभी राहिली. राखेतून उठणाऱ्या फिनिक्सचं मोझेक आणि काही मूळ कोरीव फळ्या तिच्यात बसवल्या. जुना दर्शनी भाग परत आणा, अशी मागणी गेली काही वर्षं पुन्हा जोर धरते आहे. तांत्रिकदृष्ट्या शहरातल्या कुठल्याही पुनर्बांधणीपेक्षा ही सोपी आहे. अडचण अशी की फिनिक्सची ती साधी भिंत आता सत्तरीपार गेली असून रोमरच्या संरक्षित वास्तुसमूहाचा भाग आहे, आणि ती पाडायला वारसा खात्याचीच परवानगी लागेल.